पाच सेकंदांची फीत

शनिवार, रात्री

पेटी कालच वाजवून टेप केलेली असली, तरी कॅसेटवरून ऐकताना ती कुठल्याशा जुन्या ओसरीवर वाजत असल्यासारखी वाटते. ही करामत फितीची आहे. ती आवाजातली चमक खाते, स्वर किंचित हलवते, मागे एक बारीक सूं ठेवते. जे गाळलं जातं ते ऐकणारा आपल्या मनाने भरतो. संगणकातल्या इफेक्टने हा जुनेपणा वरून फासता येतो, पण मला खऱ्या फितीचं लूप, म्हणजे दोन्ही टोकं जोडून केलेला, तोच आवाज पुन्हा पुन्हा वाजवणारा फेरा, जास्त प्रामाणिक वाटतं. तिथे प्रत्येक दोषाला कारण असतं, आणि कारण कळलं की तो दोष आपल्या हाताने कमीजास्त करता येतो.

कॅसेट घ्यावी ती पाच स्क्रूंची. चिकटवून बंद केलेलं कवच उघडताना तडकतं आणि पुन्हा नीट बसत नाही. सी-६०, म्हणजे साठ मिनिटांची, असली तर उत्तम. सी-९० ची फीत जेमतेम १२ मायक्रॉन जाड असते आणि जोडापाशी चुरगळते. कवच उघडल्यावर तांब्याच्या पट्टीवरचा फेल्टचा छोटा तुकडा जपायचा. तोच फीत हेडवर, म्हणजे आवाज नोंदवणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. तो निसटला की आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो.

डावी चक्री काढून टाकायची. फीत पुढच्या दोन कोपऱ्यांतल्या रोलरवरून आणि उजव्या चक्रीभोवती नेली की साधारण २४ सेंटीमीटरचा फेरा होतो. कॅसेटची चाल सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर, म्हणजे पाच सेकंदांचं लूप. आठ मात्रांचा केरवा त्यात बसवायचा तर लय मिनिटाला ९५ मात्रांची धरावी लागते. मला मात्र ठेका नकोसा वाटतो. ठेका आला की कान मोजायला लागतो आणि कल्पना थांबते.

सगळी मेख जोडात आहे. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून ४५ अंशांत एकदमच कापायची, म्हणजे ती तंतोतंत जुळतात. सरळ काप दिला तर दर फेऱ्याला ठप्प असा आवाज येतो. ब्लेडमध्ये चुंबकत्व असेल तर तिरक्या कापावरही टिक् ऐकू येतं, म्हणून आधी ब्लेडने टाचणी उचलली जाते का ते बघावं. फीत जोडण्याची खास चिकटपट्टी मिळते, तीच वापरावी, आणि तीही आतल्या बाजूने. हेडला घासणाऱ्या बाजूवर तिचा कण लागता कामा नये. साध्या सेलोटेपचा गोंद काही तासांत बाहेर येतो, टेपरेकॉर्डरमधल्या फीत ओढणाऱ्या रबरी रोलरला लागतो आणि तो रोलर मग फीत गिळतो.

ताण बोटाने तपासायचा. फीत मध्यभागी दाबली की दोनेक मिलिमीटर सहज हलली पाहिजे. घट्ट झाली तर मोटर ओढ खाते आणि स्वर उतरतो. सैल राहिली तर कवचात घड्या पडतात. थोडासा घट्टपणा मुद्दाम ठेवला तर स्वर संथपणे डोलतो, आणि तो डोल मला फार आवडतो.

रविवार, दुपारी

आता टेप काय करायचं? शक्य तितकं कमी. पेटीचा षड्ज आणि पंचम, किंवा बुलबुलतरंगाची एखादी तार. स्वराची सुरुवात कापून टाकली तर वाद्य ओळखूच येत नाही. फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी १९४८ साली पॅरिसमध्ये घंटेचा टोला काढून फक्त घुमारा ठेवला होता, तेव्हापासून ही युक्ती माहीत आहे. टेप करताना भाता आधी भरायचा, स्वर स्थिर होऊ द्यायचा आणि मगच आवाजाची पातळी वर न्यायची.

एकावर एक थर चढवायचे तर पुसणारं हेड निष्प्रभ करावं लागतं. चांगल्या डेकमध्ये ते विजेवर चालतं, त्याची जोडणी सोडवता येते. स्वस्त टेपरेकॉर्डरमध्ये तिथे साधं चुंबक असतं. त्यावर कागद चिकटवून भागत नाही, ते फितीपासून दूरच सरकवायला हवं.

यापुढचा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. रेकॉर्डिंग करताना हेडला आवाजाबरोबर ऐकू न येणारा अतिउच्च कंपनांचा प्रवाहही दिलेला असतो, त्याला बायस म्हणतात. नवा थर चढताना हा बायस खालचा थर थोडा पुसतो, आणि त्यातही आधी वरच्या पट्टीतली चमक जाते. त्यामुळे पहिला स्वर मंद होत मागे सरकतो आणि ताजा स्वर जवळ राहतो. ही खोली मिक्सिंग करून आणलेली नसते. स्वर ज्या क्रमाने वाजवले, त्याच क्रमाने ते दूर गेलेले असतात. तीन-चार थरांवर थांबावं. पुढे नुसता धुरळा उरतो.

पोर्टास्टुडिओ म्हणजे कॅसेटवर चार ट्रॅक वेगवेगळे भरणारं यंत्र. त्याच्या काही मॉडेलांची चाल साध्या कॅसेटच्या दुप्पट असते. तिथे भरलेलं लूप साध्या डेकवर लावलं तर तोच स्वर बरोबर एक सप्तक खाली, अर्ध्या वेगाने येतो. पेटीची मधली पट्टी मग एखाद्या मोठ्या, अनोळखी वाद्यासारखी घुमते.

एक तास चाललेलं लूप हेडवरून ७२० वेळा घासून जातं. फितीवरचा चुंबकीय लेप झिजतोच. अमेरिकन संगीतकार विल्यम बेसिन्स्की यांनी आपली १९८२ ची लूपं २००१ साली संगणकात उतरवायला घेतली तेव्हा लेप वाजता वाजता गळत गेला, आणि त्यांनी ती गळतीच संगीत म्हणून ठेवली. तसं करायचं नसेल तर पहिल्याच तासात चांगली नक्कल उतरवून घ्यावी. हेड आणि कॅप्स्टन (फीत ओढणारा धातूचा फिरता दांडा) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत राहावं. रबरी रोलरला मात्र ते जपून लावावं, रबर कडक होतं. आणि कोकणातल्या पावसाळ्यात कॅसेट उघडी ठेवू नये. फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते आणि ती हेडमार्गे दुसऱ्या कॅसेटलाही लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि ओलावा धरला की बदलाव्यात.