रोजनिशी: लुमनच्या तळघरातली माणसं

रविवार, डिसेंबर. रात्री उशिरा.

'सेव्हरन्स'चा दुसरा सीझन आज आम्ही सगळ्यांनी मिळून पुन्हा एकदा संपवला. घरी येऊन बराच वेळ झाला तरी डोकं थांबायला तयार नाही, म्हणून लिहायला बसलोय. ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी पुढचं वाचू नये. मी काहीही राखून ठेवणार नाही.

बैठक ताईकडेच, नागपुरात प्रतापनगरला. उद्यापासून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, त्यामुळे सिव्हिल लाइन्सकडून येणाऱ्यांना बंदोबस्ताचा फेरा पडला. मंडळी नेहमीचीच: ताई, तिच्या सासूबाई म्हणजे आमच्या काकू, मेडिकलमध्ये रेसिडेन्सी करणारी मामेबहीण, आणि ऑफिसातला माझा मित्र, जो आमच्या फ्लोअरवर टीम लीड आहे. काकूंना इंग्रजी फारसं समजत नाही. ताई शेजारी बसून हळू आवाजात सांगत असते, पण अर्ध्याहून जास्त गोष्टी त्यांना चेहऱ्यांवरूनच कळतात.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लुमन नावाची कंपनी काही कर्मचाऱ्यांच्या मेंदूत चिप बसवते. लिफ्टनं खाली गेलं की घर पुसलं जातं, वर आलं की ऑफिस पुसलं जातं. एका देहात दोघं राहतात: खालचा तो इनी, वरचा तो आऊटी. इनीला झोप माहीत नाही, सुट्टी माहीत नाही. लिफ्टचं दार लागतं, उघडतं, आणि समोर पुन्हा तोच पांढरा कॉरिडॉर. मालिकेचा कर्ता डॅन एरिक्सन लॉस एंजेलिसमध्ये दारांच्या एका कंपनीत ऑफिसचं काम करायचा. मधले आठ तास गळून जावेत आणि एकदम पाच वाजावेत असं त्याला तिथं वाटायचं, त्यातून हे सुचलं. आमच्यातल्या प्रत्येकानं ही इच्छा कधी ना कधी केलेली आहे. मी तर नाइट शिफ्टला कितीतरी वेळा केली आहे.

पहिला सीझन फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, दुसरा थेट जानेवारी २०२५ मध्ये. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत माणसांनी या मालिकेवर जितका विचार केला तितका मी कुठल्या अभ्यासाच्या पुस्तकावर झालेला पाहिला नाही. बकऱ्या कशासाठी पाळल्यात, गाड्या जुन्या आणि मोबाईल नवे असं का, हे गाव नेमकं कुठं आहे, मेलेल्या माणसांना परत आणायचा तर कंपनीचा डाव नाही ना. टीम लीडनं तर त्या तळघराचा नकाशाच काढला होता. पहिल्या सीझनमध्ये पीटी हा माणूस चोरून नकाशा काढतो, तसाच. तो कागद अजून त्याच्या बॅगेत असतो.

आणि मला आवडणारी गोष्ट ही, की मालिकेतली माणसंही हेच करत असतात. दिवसभर पडद्यावरचे आकडे पाहायचे, जे आकडे पाहून भीती वाटते ते शोधायचे आणि डब्यांत टाकायचे. हे कशासाठी, कुणालाच सांगितलेलं नाही. मार्क, हेली, अर्व्हिंग आणि डिलन हे चौघं या विभागातले इनी. मग डिलनला वाटतं आपण समुद्राच्या कामासाठी काहीतरी करतोय. अर्व्हिंगला वाटतं आपण सिनेमांतल्या शिव्या काढतोय. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आम्ही हसलो होतो. आता हसू येत नाही. ज्याला कामाचं कारण सांगितलं जात नाही तो कारण रचणारच, आणि त्या रचण्यात त्याचा सगळा जीव असतो.

माझं काम मिहानमध्ये, अमेरिकेतल्या वैद्यकीय विम्याच्या क्लेमचं. माझ्या क्यूमध्ये पेशंटचं नाव झाकलेलं असतं. पेशंटचा नंबर, क्लेम नंबर, तारीख, रक्कम आणि निदानाचा कोड, एवढंच दिसतं. एन९७ म्हणजे स्त्रीचं वंध्यत्व. ओ०३ म्हणजे आपोआप झालेला गर्भपात. कोड बरोबर आहे ना, कागद जोडलेत ना, एवढं पाहायचं आणि पुढचा क्लेम उघडायचा. दुसऱ्या सीझनच्या शेवटी मार्कची जुनी बॉस कोबेल त्याला सांगते की ते आकडे म्हणजे त्याची बायको आहे, जेमा. त्यानं पूर्ण केलेल्या प्रत्येक फाइलमधून तिच्या मनाचा एक नवा तुकडा, एक नवी इनी तयार झाली. तळाच्या मजल्यावर तिला एकेका खोलीत पाठवतात. एकीत दाताच्या डॉक्टरची खुर्ची, एकीत हेलकावे खाणारं विमान, एकीत ख्रिसमसची आभारपत्रं लिहीत बसायचं, न संपणारी. शेवटच्या खोलीत बाळाचा पाळणा असतो, तो एकेक भाग सुटा करून ठेवायचा. जेमा आणि मार्कला मूल हवं होतं, गर्भ राहिला होता, पण टिकला नाही. त्या दुःखाची तिला आठवण येते की नाही, हेच कंपनीला तपासायचं असतं.

ती स्क्रू काढत होती तेव्हा काकू म्हणाल्या, "बंद करा बाप्पा, पाहवत नाही." कुणी बंद केलं नाही, पण नंतर बराच वेळ कुणी बोललंही नाही. माझ्या डोळ्यांसमोर माझीच क्यू आली. गुरुवारी असे दोन क्लेम एकामागून एक आले होते, एकाच पेशंटचे, आधी एन९७ आणि वर्षभरानंतरच्या तारखेचा ओ०३. मी दोन्ही मंजूर करून पुढे गेलो होतो. काम नीटच केलं होतं. तरी आज त्या दोन तारखांमधलं ते वर्ष माझ्यासमोर उभं राहिलं.

हेच सांगायला मी लिहायला बसलोय. इतक्या तर्कवितर्कांतून खरे ठरले ते तर्क माणसांकडे पाहून केलेले होते. चिन्हं, रंग, घड्याळं आणि नकाशे यांतून हाती फार थोडं लागलं. बकऱ्यांचंच घ्या. क्लोनिंग, अवयव, काय काय रचलं होतं आम्ही. शेवटी निघालं काय, तर एका स्त्रीच्या आत्म्याला वाट दाखवायला बळी द्यायची बकरी. ती बकरी घेऊन येणाऱ्या बाईच्या तोंडावरचं दुःख आम्ही आधीच पाहिलं असतं, तर बळीचा अंदाज आला असता.

उलट हेलीचं पाहा. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात चौघं परत भेटतात आणि बाहेर काय पाहिलं ते एकमेकांना सांगतात. हेली सांगते की एक साधं घर होतं, बाहेर पडले तर माळी भेटला. रात्रीचा माळी! अर्व्हिंगला तिथंच खटकतं. आमच्या मामेबहिणीलाही तिथंच खटकलं होतं. २०२५ च्या जानेवारीत ती म्हणाली होती, "दादा, ही हेली नाही. ही हेलेना आहे, मालकाची पोरगी. हेली खोटं बोलली असती तर डोळ्यात डोळे घालून बोलली असती, ही खाली पाहून राहिली." टीम लीड तिला लिफ्टचे, स्विचचे, कॅमेऱ्याचे पुरावे मागत होता. तिनं एकही दिला नाही. ती म्हणायची, मी बाईकडे पाहून राहिले, लिफ्टकडे नाही. चौथ्या भागात अर्व्हिंगनं हेलेनाला बर्फातल्या धबधब्याशी धरलं, तेव्हा त्याचंही कारण तेच होतं. आदल्या रात्री ती जे बोलली ते क्रूर होतं, आणि हेली कधीच क्रूर नव्हती.

बहिणीला मग मेंदूकडे वळायचंच असतं. तिनं हेन्री मोलायसनची गोष्ट सांगितली. अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूचा एक भाग काढला, आणि त्यानंतर २००८ मध्ये मरेपर्यंत त्याच्या मनात नवी आठवण टिकली नाही. पण आरशात पाहून तारा गिरवायला दिला, तर रोज हात सुधारायचा. आदल्या दिवशी गिरवला होता हे त्याला आठवत नसे, हाताला मात्र येत असे. म्हणजे स्मृती एकच नसते, तिचे वेगवेगळे कप्पे असतात. पहिल्याच भागात हेलीला आईच्या डोळ्यांचा रंग आठवत नाही, पण एका राज्याचं नाव सांग म्हटल्यावर डेलावेअर म्हणते, ते त्यामुळेच पटतं. मी विचारलं, मग स्वभाव कुठल्या कप्प्यात असतो? मेंदू तोच, रक्त तेच, तरी हेलेना क्रूर आणि हेली नाही. ती म्हणाली, हेलेनाला घरानं तसं घडवलं, हेलीला ते घर मिळालंच नाही. मला हे उत्तर फार पटलं. बंडखोरी दोघींत आहे. एकीला ती दाबायला शिकवलं गेलं.

टीम लीडचा जीव मिलचिकमध्ये, म्हणजे त्या मजल्याच्या मॅनेजरमध्ये. (ट्रॅमेल टिलमनला या भूमिकेसाठी २०२५ चा एमी मिळाला, ब्रिट लोअरलाही मिळाला, त्या दिवशी यानं आम्हा सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घातले होते.) मिलचिकचं अप्रेझल होतं, त्यात तक्रार काय, तर मोठमोठे शब्द वापरतो आणि कागदांना क्लिप उलटी लावतो. मग तो माणूस आरशासमोर उभा राहून एक लांबलचक वाक्य छाटत जातो. प्रत्येक वेळी वाक्य आखूड होतं, शेवटी एकच शब्द उरतो, आणि तोच शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणतो. टीम लीड म्हणाला, "याच्यावर कोणी थिअरी काढून नाही राहिलं, काहून? हाच तर खरा फुटणार आहे." तो स्वतः वरच्यांचं ऐकून खालच्यांना सांगतो, खालच्यांचं ऐकून वर सांगतो. त्याचं म्हणणं मी गंभीरपणे घेतो. तिसऱ्या सीझनमध्ये मिलचिककडे लक्ष ठेवायचं.

खरं भांडण शेवटच्या दरवाज्यावरून. खालच्या मार्कनं जेमाला जिन्याच्या दाराबाहेर ढकललं, ती बाहेरून हाका मारतेय, दारावर हात आपटतेय, आणि हा आत उभा. कॉरिडॉरच्या टोकाला हेली. तो वळतो आणि हेलीचा हात धरून पळतो. ताईला हे अजिबात सहन होत नाही. "त्या बाईनं इतकं सोसलं, दारापर्यंत आली, अन् हा पाठ फिरवतो? मला नको ती हेली-बिली." बहीण हेलीच्या बाजूनं. दोघींचे आवाज इतके चढले की भाऊजी आतून पाहायला आले.

मी खालच्या मार्कच्या बाजूनं आहे. का ते ताईला नीट सांगता आलं नाही, इथं लिहितो. त्याआधी दोघं मार्क कॅमेऱ्यावर निरोप रेकॉर्ड करून एकमेकांशी बोलतात. वरचा मार्क गोड बोलतो, माफी मागतो, मेंदू पुन्हा एक करू म्हणतो. आणि तेवढ्यात हेलीचं नाव चुकवतो, हेलेनी म्हणतो. ज्याच्याकडे तू त्याचं सगळं आयुष्य मागतोयस, त्याच्या प्रेमाच्या माणसाचं नावही तू लक्षात ठेवलं नाहीस. खालच्या मार्कला त्या क्षणी कळतं की एकत्र झाल्यावर कुणाचं किती उरेल. जेमाला त्यानं बाहेर काढलं, शब्द पाळला. त्या पुढे स्वतःचा जीवही द्यावा, हे त्याच्याकडून कुणी मागू नये. मला जेमासाठी रडू येतं आणि तरी मी हेच म्हणेन.

वाद रंगात असताना काकूंनी मध्येच विचारलं, "अन् ते शांत बोलणारी पोरगी कुठी गेली? वेलनेसवाली?"

आधी आम्हाला कळेचना. मग ताई म्हणाली, अहो आई, तीच जेमा. मिस केसी म्हणजे खालची जेमाच. काकू म्हणाल्या, "मला माहीत आहे तीच आहे. पण मार्क दोन धरता, हेली दोन धरता, मग हिचं काय?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. दार ओलांडून जेमा बाहेर आली, त्याच पावलात मिस केसी नाहीशी झाली. तिला कुणी विचारलं नाही. मी तिला दाराबाहेर ढकललेलं इतक्यांदा पाहिलं, पण प्रत्येक वेळी जेमा सुटली म्हणूनच पाहिलं. पहिल्या सीझनमध्ये ती स्वतः सांगते की तिचं आयुष्य १०७ तासांचं आहे, आणि त्यातले आठ तास, जे तिनं मार्कच्या विभागात हेलीवर लक्ष ठेवत काढले, ते सगळ्यात चांगले. हे ती तक्रारीच्या सुरात सांगतच नाही.

जेमाच्या आत मिस केसी आहे, आणि त्या सगळ्या खोल्यांतल्या इतर बायकाही आहेत, ज्यांच्या वाट्याला फक्त दाताची खुर्ची किंवा फक्त पत्रं आली. मार्क आणि हेलीला आपण माणूस मानलं तर यांनाही मानावं लागेल. माझा अंदाज आहे की तिसरा सीझन यांच्यापासून सुरू होईल: वर गावात सुटलेली जेमा, आणि तिच्या आतल्या या सगळ्याजणी, ज्यांची चिप अजून तिच्या डोक्यात आहे आणि ती चिप चालवणारे अजून खाली आहेत. मिस केसी परत येणार, आणि आली की आधी आपल्या १०७ तासांचा हिशोब मागणार. टीम लीडला आत्ताच मेसेज टाकलाय. तो म्हणतो, पुरावा दे. पहिल्या सीझनमधला तिचा तो प्रसंग पुन्हा बघ म्हटलं, चेहरा बघ, पुढच्या रविवारी बोलू.