साडेदहानंतरचा फोन

गेल्या पावसाळ्यात दहावीतला एक मुलगा आजीबरोबर माझ्या विट्याच्या दवाखान्यात आला. महिन्याभरात तिसऱ्यांदा. तक्रार तीच, डोकं दुखतं. आधीच्या दोन्ही वेळा मी बीपी पाहिलं, गोळ्या दिल्या, डोळे तपासून घ्यायला सांगितले. नंबर निघाला नव्हता. त्या दिवशी बाहेर गर्दी नव्हती, म्हणून त्याला निवांत बसवून घेतलं.

मान खालीच. मानेच्या मागचे स्नायू दाबले तर कळवळला. ताठ मानेवर डोक्याचा भार जेमतेम पाच किलो; ती ६० अंशांत झुकली की तोच २७ किलोंच्या आसपास जातो, असं गणित एका अमेरिकी मणकेतज्ज्ञाने २०१४ साली मांडलं होतं. मोबाइल आजीच्या पिशवीत होता, तरी त्याचा उजवा अंगठा मांडीवर वर-खाली सरकत होता. त्याला त्याचा पत्ताही नव्हता. ते बघून माझ्या पोटात कालवलं.

"झोपतोस किती वाजता?"

"अकराला."

"खोटं बोलतंय," आजी म्हणाली. "मी दोनला उठले तरी गोधडीत उजेड असतोय बगा."

सकाळी सातची शाळा, सहाला उठायचं. म्हणजे चार तास झोप. या वयाला आठ ते दहा तास लागतात.

"डोक्याचं ऱ्हाऊ द्या," आजीचा आवाज कापरा झाला. "पोरगं माझ्याशी बोलंनाच झालंय. ताट वाढलं तरी मान वर न्हाई. मी एकटीच जेवते आन् पडते."

तिला जरा बाहेर बसायला सांगितलं. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पप्पांचा फोन साडेदहानंतर येतो."

आमच्या भागात याहून जास्त सांगावं लागत नाही. इथल्या घराघरांतली माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. याचे आईवडील आणि धाकटी बहीण कोइमतूरला. हा शाळेसाठी इथे. "कधी येतो, कधी नाही. तोपर्यंत रील्स बघतो. नाही आला तर मग झोपच येत नाही."

शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत सगळ्या गावाचे मोबाइल, टीव्ही बंद. येईल त्या पालकाला मी ते उदाहरण देते. इथेही तेच ओठांवर आलं होतं. मोबाइल बंद करायला सांगितलं असतं तर पोराचा बापच तोडला असता.

मी दवाखान्यातूनच वडिलांना फोन लावला. सगळं ऐकून ते क्षणभर काही बोललेच नाहीत.

"म्हणजे तो माझ्यासाठी जागा असतो? मॅडम, मला वाटायचं झोपला असंल, उगं कशाला उठवा. म्हणून कधी कधी लावतच नव्हतो."

ठरलं ते एवढंच: फोन आठला, गिऱ्हाईक असलं तरी. आणि दहानंतर मोबाइल आजीच्या ट्रंकेत. मानेचे व्यायाम दिले. पहिला आठवडा वाईट गेला, पोरगं चिडलं, एक रात्र जेवलं नाही. असं होणार हे मी आजीला आधीच सांगून ठेवलं होतं. महिन्याने डोकेदुखी आठवड्यातून एखाद्या दिवसावर आली. झोप अजून रोज पुरी होत नाही.

आजी बीपी दाखवायला आली तेव्हा म्हणाली, "आठाला ताटं वाढून बसतोय आमी. फोन तांब्याला टेकवून ठेवतोय. परवा बापाला म्हनला, पप्पा, आजीला तुमी नीट दिसत न्हाई, जरा उजेडात बसा."