तुम्ही विचारलंत म्हणून: परराष्ट्र खात्यातला माणूस फाउंडेशनमध्ये जाऊन करतो काय?

“मॅडम, सगळी उमेद परराष्ट्र खात्यात घालवलेला माणूस फाउंडेशनमध्ये जाऊन करतो काय? चेकवर सह्या?”

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी पुण्यात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. हा प्रश्न दर बॅचला एकदा येतोच, आणि विचारणाऱ्याच्या ओठांवर हसू असतं. म्हातारपणची सोय, दुसरं काय! तसंही असतं कधीकधी. पण मी उत्तर देते ते व्हिएतनाम युद्धाच्या काळातले अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांचं उदाहरण घेऊन. परीक्षेला ते त्या युद्धापुरते येतात. माझा जीव मात्र त्याआधीच्या, फाउंडेशनमधल्या साडेआठ वर्षांत अडकलाय.

जॉर्जियातल्या गरीब घरातला मुलगा. शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला, नंतर प्राध्यापकी, मग दुसऱ्या महायुद्धात चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडी. ऑगस्ट १९४५ मध्ये एका रात्री वॉशिंग्टनमध्ये रस्क आणि बोनस्टील या दोन कर्नलांना सांगण्यात आलं, कोरियात जपान्यांची शरणागती आपण कुठवर घ्यायची आणि रशियानं कुठवर, ते ठरवा. वेळ अर्धा तास. समोर नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा. कोरियाचा जाणकार दोघांपैकी एकही नाही. सोल आपल्याकडे राहावं एवढं पाहून त्यांनी ३८व्या अक्षवृत्तावर बोट ठेवलं. वर्गात मी एकाच्या हातात खडू देते आणि फळ्यावरच्या कोरियावर ती रेघ ओढायला लावते. तीन सेकंदांत होतं काम. ती रेघ पुसण्याच्या नादात १९५० साली पेटलेल्या युद्धात रस्क परराष्ट्र खात्यात पूर्व आशियाचं काम बघत होते.

१९५२ मध्ये ते रॉकफेलर फाउंडेशनचे, म्हणजे तेलसम्राट रॉकफेलर यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या अमेरिकन दानसंस्थेचे अध्यक्ष झाले. विश्वस्त मंडळाचे प्रमुख जॉन फॉस्टर डलेस यांच्याबरोबर त्यांनी जपानच्या शांतता तहावर काम केलं होतं. म्हणजे ओळख होतीच. मुलं इथे एकमेकांकडे बघतात. बघू देत.

आता प्रश्नाचं उत्तर. फाउंडेशनकडे पैसा होता, वैज्ञानिक होते. मेक्सिकोत १९४३ पासून गव्हाचं कामही चालू होतं. पण आशियात जायचं तर उघडायला हवं होतं ते नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांचं दार. अमेरिकन तेलाचा पैसा घेऊन आलेल्या पाहुण्याला कुठला देश सहजी आत घेईल? इथे परराष्ट्र खात्यातला अनुभव कामी येतो. ‘आम्ही देतो’ असं न म्हणता ‘तुम्ही मागितलंत तर येऊ’ म्हणायचं, दुसऱ्याच्या घरात कुठल्या खुर्चीवर बसायचं नाही ते ओळखायचं, आणि कराराच्या मसुद्यावर महिनोन्महिने न चिडता बसायचं. भारत सरकारशी शेतीचा करार झाला १९५६ मध्ये. पुढच्याच वर्षी मक्याचा समन्वित प्रकल्प निघाला. तोवर राज्याराज्यांतलं संशोधन आपापल्या कुंपणात होतं, आता एकच वाण अनेक ठिकाणी पेरून ताडून बघायची सोय झाली. त्याच वाटेनं ज्वारी आली. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण बाहेर पडला, आणि आपल्या भाषेत ‘हायब्रीड’ हा शब्द रुजला. पुढे तो शिवी म्हणूनही चालला!

माझी आजी मराठवाड्यातली. हायब्रीडच्या पिठाला विरीच नाही, म्हणजे चिकटपणाच नाही, म्हणायची. भाकरी थापताना कडा चिरायच्या, ती पाण्याचं बोट लावून त्या सांधत बसायची. ज्वारीची ताटं बुटकी, म्हणून बैलांना कडबा कमी. ऐन काढणीत पाऊस आला की कणसं काळी पडायची. पण पोतीही जास्त भरायची, हे ती नाकारत नसे. तिचा हिशेब सरळ होता. विकायला हायब्रीड, खायला मालदांडी, आपली जुनी देशी ज्वारी.

आमच्या पुण्यातला धागा तर त्याहून जवळचा. डॉ. आंबेडकर रस्त्यावरची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संशोधन संस्था, मुलांना कोरोनामुळे पाठ आहे. ती सुरू झाली १९५२ मध्ये, व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि रॉकफेलर फाउंडेशन यांची मिळून. रस्क यांना ती तयार मिळाली, श्रेय त्यांचं नाही. पण १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली तेव्हा तो विषाणू हुडकला तो याच केंद्रानं. हाच माकडताप पुढे २०१५-१६ च्या सुमारास गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि आपल्या दोडामार्गात येऊन ठेपला. १९६७ मध्ये फाउंडेशन तिथून बाजूला झालं आणि केंद्र पूर्णपणे आयसीएमआरचं झालं. माझ्या मते यातली अवघड गोष्ट हीच, वेळेवर उठून जाणं.

कुणीतरी हुशार पोरगी मग विचारते, “पण हे अमेरिकेचंच राजकारण ना, शीतयुद्धातलं?” होतं की. भुकेला देश कम्युनिस्ट होईल ही भीती त्या काळच्या सगळ्या मदतीत होती. गंमत अशी की त्याच सुमारास अमेरिकन काँग्रेसच्या समित्या फाउंडेशनांना उलटं विचारत होत्या, तुम्ही कम्युनिस्टांना पोसता काय? रस्क दोन्हीकडून खुलासे देत राहिले.

डिसेंबर १९६० मध्ये केनेडींनी त्यांना परराष्ट्रमंत्रिपदासाठी बोलावलं. आठ वर्षं ते त्या खुर्चीत होते आणि व्हिएतनामचं युद्ध शेवटपर्यंत निष्ठेनं लढवत राहिले. पाहुण्यासारखं वागायची जी शिस्त फाउंडेशनमध्ये पाळली, ती तिथे कुठे गेली, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. नंतर जॉर्जिया विद्यापीठात साधी प्राध्यापकी मिळतानाही विरोध झाला. त्यांच्या मुलानंच पुढे त्यांना बोलतं करून आठवणी लिहून घेतल्या. तो मुलगा युद्धाच्या विरोधात होता.

एका बॅचमध्ये हे सगळं ऐकून लातूरकडचा एक जण म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे अजून तसंच आहे. विकायची वेगळी, खायची वेगळी.” मग तास ज्वारीच्या भावावर गेला, तो काही परत आला नाही.