पिंजर बांधायला जुना ट्रॅक्टर

दिवाळीच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यात जुन्या ट्रॅक्टरला भाव चढतो. कारखाने सुरू व्हायचे असतात, जो तो ऊस ओढायला ट्रॅक्टर शोधत असतो आणि ज्याच्याकडं विकायला आहे तो खुर्चीवरून उठत नाही. हंगाम संपल्यावर हेच ट्रॅक्टर थकून दारात उभे राहतात, तेव्हा घ्यावेत. हे मी आक्कांना सांगितलं होतं. पण भात कापायला आलं होतं, डोंगराकडचं गवतही वाळायला लागलं होतं. त्यांना थांबणं शक्य नव्हतं.

आक्का कळ्याजवळच्या एका गावातल्या. गोठ्यात म्हशी, दोन्ही वेळचं दूध गोकुळला. दरवर्षी आपलं आणि शेजारपाजारचं पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, आणि गवत घेऊन घरामागं व्हळी, म्हणजे गंजी, रचायची. पेंढ्या बांधायला बायका मिळेनात, मिळाल्या तर हजेरी परवडेना. म्हणून पुतण्यानं छोटा राउंड बेलर ठरवला, वीसेक किलोचे गोल गठ्ठे करणारा. घरचं झालं की गावात भाड्यानं फिरवायचा. बेलर ठरला, आता तो ओढायला ट्रॅक्टर पाहिजे होता.

"मिस्त्री, दोन बघून आलो मी. तुम्ही एकदा हात लावून बघा, मग पैसं देतो," आक्का म्हणाल्या.

पहिला पुतण्याच्या पसंतीचा. शिरोलीजवळ हायवेला लागून एका एजंटाचं आवार आहे, तिथं. २०१६ चं मॉडेल, पंचेचाळीसच्या आसपास एचपी, नवा रंग, नवे टायर, सीटवर प्लास्टिक तसंच. कंपनीचं नाव घेत नाही, कारण जे निघालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. भाव सव्वाचार लाख. मी आधी ब्लॉकवर हात ठेवला. गरम. आम्ही येणार म्हणून एजंटानं अगोदरच इंजिन चालवून ठेवलं होतं. गार इंजिन पहिल्यांदा कसं उचलतं, धूर कुठल्या रंगाचा सोडतं, ते बघायची सोय त्यानं संपवली होती. बरं, म्हटलं.

मग पीटीओ टाकायला लावला, म्हणजे मागच्या मशीनला इंजिनाचा जोर देणारा शाफ्ट. तो फिरू लागला. क्लच अर्धा दाबला, शाफ्ट थांबला. पूर्ण दाबून बघायची गरजच नव्हती, सिंगल क्लच होता.

पुतण्याला त्याचं काही वाटलं नाही. "ट्रॉली ओढायला काय फरक पडतोय?"

ट्रॉलीला पडत नाही. बेलरला पडतो. गोल बेलरमध्ये गठ्ठा भरला की ट्रॅक्टर जागेवर थांबवायचा असतो, पण बेलर फिरत राहिला पाहिजे, तेव्हाच सुतळी गठ्ठ्याभोवती गुंडाळली जाते. डबल क्लच असेल तर पॅडल अर्धं दाबायचं, चाकं थांबतात, पीटीओ चालू राहतो. पूर्ण दाबलं की तोही थांबतो. सिंगलमध्ये पॅडल दाबलं की सगळंच बंद. मग गिअर न्यूट्रल करा, क्लच सोडा, सुतळी होऊ द्या, दार उघडा, गठ्ठा टाका, परत क्लच, परत गिअर. दिवसात शेकड्यानं गठ्ठे टाकायचे म्हटल्यावर पाय आणि क्लचप्लेट दोन्ही बोंबलतात. शिवाय पिंजराची ओळ मध्येच जाड लागली की वेग कमी करावा लागतो, तेव्हा क्लच दाबला की बेलरही मंदावतो आणि नेमका तिथंच चोंदतो. रेस कमी करून चालत नाही, पीटीओ ५४० आरपीएमवरच, म्हणजे मिनिटाला ५४० फेऱ्यांवर, राहायला हवा. म्हणून अशा कामाला एचपीच्या आधी क्लच बघायचा आणि मग सगळ्यात हळू गिअर किती हळू चालतो ते.

दुसरा धोका गवत कापायच्या मशीनचा. त्याची जड पाती एकदा फिरायला लागली की सिंगल क्लच दाबूनसुद्धा ती पाती उलट पीटीओतून गिअरबॉक्स फिरवतात आणि ट्रॅक्टर पुढं सरकत राहतो. सपाट रानात ठीक. आक्कांची रानं टप्प्याटप्प्याची, खाली बांध, बांधाखाली ओघळ. त्यावर, पात्यांचा जोर उलट गिअरबॉक्सकडं जाऊ न देणारा ओव्हररनिंग क्लच नावाचा तुकडा शाफ्टवर बसवता येतो आणि मी तो सिंगलवाल्यांना बसवायला लावतोच. पण त्यानं गठ्ठ्याची अडचण सुटत नाही.

पुतण्या गप्प झाला, पण नजर नव्या रंगावरच. म्हणून मी खाली शिरलो. क्लच हाउसिंगच्या तळाला एक छोटं भोक असतं, आत तेल गळलं तर बाहेर दिसावं म्हणून. त्यात तार घातली तर गाळ आला, वाळलेला, बारीक, पिठासारखा. डॅशच्या मागं वायरिंगच्या जुडग्यात हात घातला, तिथंही तोच. मडगार्डच्या आतल्या घडीत एक सरळ रेष, खाली मातकट, वर रंग. बाहेरून रंग मारणाऱ्याचा ब्रश तिथं पोचला नव्हता. मग एजंटाला न विचारताच मागच्या हाउसिंगचा ड्रेन बोल्ट थोडा सैल केला. आधी पाणी ठिबकलं, मग चहाच्या रंगाचं तेल.

आक्का वाकून बघत होत्या. "एकोणीसचा पूर?"

एजंट म्हणाला, "आक्का, शिरोळकडचा हाय, पण पाण्यात नव्हता."

शिरोळ तालुक्यात २०१९ आणि २०२१ अशी दोनदा कृष्णा-पंचगंगा गावांत शिरली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४३ फूट. आता हा ट्रॅक्टर उभा होता त्या आवारापासून जवळच तेव्हा हायवे पाण्याखाली होता. लोकांनी जनावरं, म्हातारी माणसं आधी काढली, ट्रॅक्टर राहिले. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुरातला ट्रॅक्टर घेऊच नये असंही मी म्हणत नाही. पाणी ओसरल्या ओसरल्या सगळी तेलं काढली, हाउसिंग धुतलं, बेअरिंग बदलले, तर साधं डिझेल इंजिन वर्षानुवर्षं चालतं. पण तेल तसंच ठेवून वर रंग मारायचा आणि सव्वाचार लाख सांगायचे, हा धंदा मला पटत नाही. बोल्ट आवळला, हात पुसले, निघालो.

दुसरा मुरगूडच्या पुढं, एका शेतकऱ्याच्या दारात. महिंद्रा ४७५, सतरा-अठरा वर्षांचा, बॉनेटचा रंग उडालेला, एक हेडलाइट नाही. पुतण्या गाडीतून उतरायलाच तयार नव्हता. या मॉडेलमध्ये सिंगल क्लचही येतो, डबलही, त्यामुळं नावावरून काही ठरत नाही. लो गिअरात टाकून पीटीओ सोडला, पॅडल अर्धं दाबलं. चाकं थांबली, शाफ्ट फिरत राहिला.

मग सावकाश बघितलं. इंजिन गार होतं, सुरू झालं तेव्हा थोडा काळा धूर, मिनिटभरात साफ. ब्रीदरला, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीला, हात लावला, वाफ फार नाही. ट्रॉली अडकवायच्या हुकाचं भोक गोल होतं. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढलेल्या ट्रॅक्टरचं ते लांबट होतं, आणि ज्याचं भोक लांबट त्याचे ब्रेक आणि क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या चाकांना जोर देणारी दातेरी चाकं, मी आधी बघतो. हा मळणी मशीन आणि रोटाव्हेटरवरच चाललेला. त्याची खूण पीटीओच्या दात्यांवर होतीच, कडा झिजल्या होत्या. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद केलं, मालकानं दिलेला चहा संपेपर्यंत तो खाली आला नाही, म्हणजे लिफ्ट ठीक. बेलरचं दार उघडायला हायड्रॉलिकचं बाहेरचं कनेक्शन मात्र नव्हतं, ते बसवावं लागणार.

मालक पावणेतीन म्हणाला. मी दात्यांचा शाफ्ट, डबल क्लचचा सेट (सिंगलपेक्षा महाग पडतो) आणि हायड्रॉलिकच्या कनेक्शनचा व्हॉल्व्ह यांचा खर्च मोजून सांगितला. आक्कांनी मोजदाद ऐकून घेतली आणि मधला आकडा न बोलता थेट म्हणाल्या, "दोन-तीस. म्हशीचा व्यवहार करतो तसा करा, लांबवू नका." दोन-चाळीसला मिटलं.

आरसी बुक मी मागवलं. नंबर एमएच-०९, पण मागच्या पानावर बँकेचा बोजा तसाच. कर्ज फिटलंय म्हणून मालक शपथ घेत होता. फिटलं असेलही, पण बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत गेल्याशिवाय तो उतरत नाही, आणि तोवर फॉर्म २९-३० भरून नाव चढवायला गेलं तर खिडकीवरून परत येतं. मालकाला हे माहीतच नव्हतं.

आक्कांनी दोन लाख वीस मोजून दिले. "उरलेलं वीस त्या कागदाच्या दिवशी," म्हणाल्या, आणि पुतण्याला ट्रॅक्टरवर बसवलं. ट्रॅक्टर माझ्या गॅरेजवर येऊन क्लचचं काम झालं, शाफ्ट बदलला, पिंजराचे गठ्ठेही पडायला लागले. मालकाचे बँकेत हेलपाटे चालू आहेत, वीस हजार आक्कांकडंच आहेत.