सरांचा गोफ

अमृत महोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवाव्यात असे शाळेचे पत्र आले, तेव्हा कोणाविषयी लिहावे याचा मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. आपल्या शाळेत सुतारकाम शिकवणारे आणि लाकडाचे बारीक तुकडे जुळवून त्यांतून पेन घडवणारे आमचे सर गेल्या वर्षी उन्हाळ्यात गेले. त्यांच्या हाताखाली मी तीन वर्षे होतो, आणि त्या तीन वर्षांत जे पाहिले ते नीट लिहून ठेवावे, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

त्या पेनाशी आमची पहिली ओळख झाली ती एका १२ जानेवारीला. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. म्हणून त्या दिवशी शाळेत निबंधस्पर्धा होत असे आणि पहिल्या क्रमांकाला सरांनी केलेले पेन मिळत असे. मी सातवीत असताना ते आमच्या वर्गातल्या एका मुलीला मिळाले आणि मधल्या सुट्टीत हातोहात फिरले. काळसर शिसवीच्या अंगावर पिवळ्या लाकडाच्या पट्ट्या एकमेकींच्या वरून-खालून गेल्यासारख्या दिसत होत्या, पण बोट फिरवले तर कोठेही चढ-उतार लागत नव्हता. हे रंगवलेले असणार, असे म्हणून एकाने ते नखाने खरवडून पाहिले. सर दारातच उभे होते. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "खरवड, खरवड. आतपर्यंत तसेच आहे."

आतपर्यंत तसेच कसे, हे आठवीत पत्र्याच्या शेडमधल्या कार्यशाळेत गेल्यावर समजले. सर त्या नक्षीला गोफ म्हणत. साधारण पाऊण इंच जाडीच्या चौकोनी ठोकळ्याला पंचेचाळीस अंशांत तिरका काप द्यायचा, पण तो आरपार जाऊ द्यायचा नाही. त्या फटीत हेदूच्या पिवळ्या लाकडाची पातळ पट्टी सरस लावून बसवायची, एक दिवस दाबून ठेवायची, मग ठोकळा एका बाजूने फिरवून त्याच जागी पुन्हा काप द्यायचा. असे चारही बाजूंनी करायचे, म्हणजे नुसत्या जुळणीलाच चार दिवस लागत. करवतीचे पाते जेवढे लाकूड खाते, बरोबर तेवढ्याच जाडीची पट्टी हवी. ती जाड झाली तर ठोकळा वाकतो, पातळ झाली तर सांधा ढिला राहतो. चौकोनी ठोकळ्यावर तोवर फक्त तिरक्या रेघा दिसत असतात. तो लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, चढवून त्याचे कोपरे गेले आणि अंग गोल झाले की त्या रेघांची लंबवर्तुळे होतात, आणि चार लंबवर्तुळे एकमेकांत गुंतलेली दिसू लागतात. लेथ थांबवून सर पहिल्यांदा तो गोफ दाखवत, तेव्हा आम्ही सगळी मुले एकाच वेळी पुढे वाकत असू, आणि ते प्रत्येकाला पाहू देत.

लाकूड वाळवण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका धीर धरणारा माणूस मी पाहिलेला नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्या सोलापुरात पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा अगदी कोरडी होते. पावसाळ्यात तेच लाकूड ओल पिऊन फुगते. लाकूड आडव्या अंगाने फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ बदलतच नाही, त्यामुळे शेजारच्या दोन तुकड्यांच्या शिरा एका दिशेने नसतील तर पहिल्याच उन्हाळ्यात सांधा उघडतो. म्हणून सर कापलेले तुकडे माळ्यावर ठेवत, दर शनिवारी छोट्या तराजूत त्यांचे वजन करत आणि ते वहीत लिहून ठेवत. वजन उतरायचे थांबले की मगच तुकडा कामाला घ्यायचा. त्यातही जुळवलेला ठोकळा शक्यतो एक पावसाळा तसाच राहू द्यायचा आणि मगच कातायचा, हा त्यांचा रिवाज होता.

आता माझी चूक सांगतो. नववीत मी आठ पाचरींचा एक वेढा करायला घेतला. दोन रंगांच्या आठ पाचरी गोलाकार जुळवायच्या, तर प्रत्येक पाचरीची दोन्ही तोंडे साडेबावीस अंशांत कापावी लागतात. तोंडे एकूण सोळा. प्रत्येकात फक्त पाव अंशाची चूक राहिली तरी शेवटी चार अंशांची फट पडते. माझे सात सांधे बंद बसले आणि आठवा उघडा राहिला. सरांनी वेढा खिडकीच्या उजेडासमोर धरला, फटीतून आलेली उजेडाची रेघ मला दाखवली आणि तो परत दिला. मी तो घरी नेला, भुसा आणि सरस कालवून फट बुजवली, काचकागद मारला आणि सोमवारी नेऊन दाखवला. बाहेरून काहीच कळत नव्हते. सरांनी काही न बोलता तो लेथवर चढवला आणि कातायला सुरुवात केली. अंग जसजसे बारीक होत गेले तसतसे माझे भरण उघडे पडत गेले. वर चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात दिला तेव्हा सगळे लाकूड उजळले, पण तेवढी एक रेघ पॉलिश न पिता मातकटच राहिली. "सांधा बुजवायचा नसतो, पुन्हा कापायचा असतो," असे म्हणून त्यांनी माझ्या हातात कोन कापायचा साचा दिला. त्या दिवशी त्यांनी घरी जायला एक तास उशीर केला. सोळा तोंडे मी तिसऱ्या खेपेला बरोबर कापली.

शिसवीची काळी पूड हेदूच्या पिवळ्या अंगात बसते आणि मग काही केल्या निघत नाही. म्हणून शेवटचा हात काचकागदाने नव्हे, तर पटाशीच्या धारेने द्यायचा, ही गोष्टही मी तेव्हाच शिकलो. त्यांची गोल पटाशी लागली की हेदूची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघत असे. आत पितळी नळी बसवण्यासाठी सात मिलिमीटरचे भोक पाडताना ते ड्रिल पुन्हा पुन्हा मागे घेऊन चुरा काढत, कारण घाई केली तर उष्णतेने सरस मऊ पडतो आणि चार दिवसांची जुळणी एका क्षणात सुटते.

शाईच्या पेनाला मात्र त्यांनी लाकूड वापरले नाही. ओल लागली की लाकूड फुगणारच, शाई धरायला एबोनाइट, म्हणजे कडक केलेले रबरच हवे, असे ते सांगत. आणि मग आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांची गोष्ट निघे, ज्यांच्या स्वदेशी पेनाबद्दल गांधीजींनी १९३५ साली आभाराचे पत्र लिहिले होते. आमचे घर पूर्व भागातल्या विणकरांचे, घरात तेलुगू बोलली जाई. त्यामुळे राजमहेंद्रीचे नाव निघाले की सर माझ्याकडे पाहून हसत.

त्याच ओळखीतून त्यांनी एकदा मला घरचा मोडका धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारे लाकडी साधन, आणायला सांगितले. आमच्या आजोबांच्या हातमागावरचा एक धोटा टोकाला चिरून अडगळीत पडला होता. हजारो वेळा ताण्यातून ये-जा करून त्याचे अंग काचेसारखे गुळगुळीत झाले होते. सर तो बराच वेळ अंगठ्याने चाचपत राहिले. "हे लाकूड पुरते निवलेले आहे, आता ते हलणार नाही," असे म्हणाले. दहावीच्या परीक्षेआधी त्या धोट्याचे आणि हेदूचे एक पेन त्यांनी मला दिले. मी पुढे यंत्रमागांच्या दुरुस्तीच्या धंद्यात पडलो. त्या पेनाची रिफिल किती वेळा बदलली असेल. इतक्या उन्हाळ्यांत त्याचा एकही सांधा उघडलेला नाही.

सर गेल्यानंतर त्यांच्या कन्येने मला बोलावून एक ठोकळा दिला. उरलेल्या धोट्याचाच तो होता. चारही पट्ट्या बसवलेल्या, नळीचे भोक पाडलेले आणि एका बाजूवर पेन्सिलीने सरांच्या अक्षरात लिहिलेले, "पावसाळ्यानंतर". तो पावसाळा त्यांना मिळाला नाही. ठोकळ्यावर आता नुसत्या तिरक्या रेघा आहेत.

कार्यशाळेतला जुना लेथ अजून जागेवर आहे. त्याचा पट्टा कुजला होता. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी तो नवा बसवला आहे आणि मोटार तपासून घेतली आहे. महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, आठवी-नववीच्या मुलांसमोर, मी तो ठोकळा कातायला घेणार आहे. सरांच्या वेळचे जे विद्यार्थी गावात असतील त्यांनी जरूर यावे. पटाशीला धार मी घरूनच लावून आणीन.