बाळाला वरचं कधी सुरू करायचं? चिऊच्या वेळचा माझा अनुभव

चिऊ साडेचार महिन्यांची झाली आणि घरात रोज एकच विषय, हिला वरचं कधी सुरू करायचं. सासूबाई म्हणत होत्या, पाचवा लागलाय, मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, म्हणजे पाचव्यात नाहीतर सातव्यात, मग आत्ताच उरकून घेऊ. माझी आई फोनवर म्हणायची, अगं तुला मी चौथ्यातच पेज सुरू केली होती. आणि डॉक्टर मॅडमचं पहिल्या दिवसापासून एकच, 180 दिवस पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, पाणी पण नाही आणि गुटी पण नाही.

मी मधल्या मधे अडकले होते, कारण माझी रजा संपत आली होती. मॅटर्निटी लीव्ह 26 आठवड्यांची मिळते, पण माझं बीपी वाढल्यामुळे त्यातले 5 आठवडे डिलिव्हरीच्या आधीच गेले. उरले 21. म्हणजे चिऊ पाच महिन्यांची पूर्ण व्हायच्या आधीच मला जॉइन व्हायचं होतं. ऑफिसमध्ये थोडी वाढवून मिळेल का विचारलं तर सरळ नाही म्हणाले, शेवटी माझ्या शिल्लक रजेतले 15 दिवस घेतले, तरी वीस दिवसांचा प्रश्न राहिलाच. त्यात चौथ्या महिन्यात वजन जेमतेम साडेचारशे ग्रॅम वाढलं, आधी दर महिन्याला सात-आठशे वाढायचं. मग काय, जो येईल तो म्हणायचा दूध पुरत नाही हिला, वरचं चालू करा. ते ऐकून ऐकून मलाही रात्री झोप येईना, खरंच माझं दूध कमी पडतंय का, मी हिला उपाशी ठेवतेय का.

एके दुपारी सासूबाईंनी वरणाचं पाणी चमच्याच्या टोकावर घेऊन तिच्या ओठाला लावलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांनी तीन मुलं अशीच वाढवलीत. चिऊने काय केलं तर जीभ बाहेर काढली आणि सगळं हनुवटीवर ढकलून दिलं. परत दिलं, परत तेच. आई, म्हणजे सासूबाईच, म्हणाल्या हिला आवडलं नाही वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले आणि सगळंच विचारून घेतलं. त्या म्हणाल्या आवडीचा प्रश्नच नाही, इतक्या लहान बाळाची जीभ तोंडात आलेली घट्ट वस्तू आपोआप बाहेर ढकलते, ती सवय जात नाही तोवर बाळ तयार नाही समजायचं. मग तिला मांडीवर बसवून दाखवलं, मान धरते पण अजून डुगडुगते, कंबरेला आधार दिला तरी एका बाजूला कलंडते. मान पक्की हवी, आधाराने नीट बसायला हवं, घास समोर आला की तोंड उघडायला हवं आणि जीभ ढकलणं थांबायला हवं. आपण जेवताना टक लावून बघणं किंवा मुठी तोंडात घालणं एवढ्यावर जायचं नाही, ते तर चौथ्या महिन्यात सगळीच बाळं करतात. वजनाचं पण त्यांनी माता बाल संरक्षण कार्डावरचा तक्ता उघडून समजावलं, चिऊचा ठिपका हिरव्या पट्ट्यात होता, जन्माला 2 किलो 800 होती ती दुपटीच्या जवळ आली होती, आणि पहिल्या तीन महिन्यांनंतर वाढीचा वेग थोडा कमी होतोच. दिवसाला सहा-सात वेळा शू होतेय ना, मग दूध पुरतंय. मला तिथेच रडू आलं खरं तर, कारण इतके दिवस हे कोणी सांगितलंच नव्हतं.

पण उशीरही करायचा नाही हं, हेही त्यांनी ठासून सांगितलं. बाळ पोटात असताना अंगात लोह साठवून येतं, ते सहा महिन्यांपर्यंत संपत येतं आणि दुधात लोह अगदी थोडं असतं. आमच्या नात्यातल्या एका बाळाचं उष्टावण सुतकामुळे लांबत लांबत नवव्या महिन्यात गेलं आणि मग त्याचं हिमोग्लोबिन कमी निघालं, ते माझ्या डोक्यात होतंच.

घरी येताना रिक्षात मी बोटं मोजत होते आणि एकदम लक्षात आलं, सहा महिने पूर्ण झाले म्हणजे सातवा लागला! आईंना सांगितलं, आई, पाचवा राहू दे, सातवा लागेल त्या दिवशी करू, विषमही होतो आणि डॉक्टरांचं पण बसतं. त्या दोन मिनिटं गप्प राहिल्या, मग कालनिर्णय काढून स्वतःच त्या तारखेला गोल केला.

ते वीस दिवस मात्र अवघड गेले. सकाळी पाचला उठून दूध काढायचं, ऑफिसमध्ये दोनदा, तेही स्टोअररूमला आतून कडी लावून, कारण वेगळी जागाच नाही. दूध फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवायचं, दारात नाही, आणि गॅसवर गरम न करता गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करायचं. आणि पाजत कोण होतं, तर सासूबाई, बोंडल्याने, थेंब न सांडता. बाटली लावली नाही त्यामुळे.

उष्टावण झालं मामाच्या मांडीवर. खीर केली ती बिनसाखरेची, मामाने अंगठीने नुसती ओठाला लावली. वर्षाच्या आत मीठ-साखर नको आणि मध तर अजिबात नको असं सांगितलं होतं. खरं खाणं दुसऱ्या दिवसापासून, मऊ भात आणि मुगाची डाळ हाताने कुस्करून, वर तूप. वरणाचं नुसतं पाणी देऊ नका, त्यात पोटाला काहीच नसतं, चमचा कलता केला तरी घास चटकन ओघळायला नको इतकं घट्ट हवं, हे डॉक्टरांचं वाक्य मी आईंना दहा वेळा ऐकवलं असेल. चमचा जवळ नेला तर चिऊने आधीच तोंड उघडलं, पक्ष्याच्या पिल्लासारखं, आणि जीभ बाहेर न येता घास आत गेला. एक ठसका लागला, माझा जीव गोळा झाला, पण ती आवाज करत खोकली म्हणजे श्वास चालू आहे एवढं माहीत होतं म्हणून पाठीवर थापा मारत सुटले नाही. दोन चमचे खाल्ले, तोंड फिरवलं, मी थांबले, आणि वर दूध पाजलं.

मग एक नवीन पदार्थ, तीन दिवस थांबायचं, पुढचा. नाचणी, गाजर, बटाटा, केळं, आता अंड्याचा बलक. आठवा चालू आहे, दिवसातून तीनदा अर्धी अर्धी वाटी खाते. लाल भोपळा मात्र अजून थुंकते, डॉक्टर म्हणाल्या काही चवींना आठ-दहा वेळा द्यावं लागतं, आत्तापर्यंत पाचदा दिलाय, उद्या परत उकडणार आहे.