खाडीचं पाणी तपासायचं तर आधी तिथी बघा

पाणी बिघडलंय म्हणून गावाने बाटली भरून लॅबला पाठवली, पंधरा दिवसांनी अहवाल आला, आणि त्यात सगळं मर्यादेत. कोकणात खाडीकाठच्या कुठल्याही गावात हे ऐकायला मिळतं. मग लॅब विकली गेली अशी चर्चा सुरू होते. बहुतेक वेळा लॅब बरोबर असते आणि बाटलीतलं पाणीही खरं असतं, चुकलेली असते ती पाणी भरण्याची वेळ. भरतीला जेटीवरून बादली टाकून काढलेलं पाणी खाडीचं नसतंच. ते समुद्राचं असतं, सहा तासांसाठी पाहुणं आलेलं.

खाडीचं स्वतःचं पाणी बघायचं तर ओहोटी पूर्ण लागायच्या सुमारास बघावं. वरून येणारी नदी, वहाळ (ओढे), गावांचं सांडपाणी, असेल तर औद्योगिक वसाहतीचं पाणी, सगळं त्या वेळी उरलेल्या थोड्या पाण्यात असतं. वेळेसाठी ॲप आहेत, पण जुना हिशोब अजून चालतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराला आणि ओहोटी पहाटे पाचच्या पुढे. हा हिशोब खाडीच्या तोंडाचा आहे. आत जावं तशी भरती-ओहोटी उशिरा पोचते, लांब खाडीत तास-दोन तासांचाही फरक पडतो. आपल्या गावची वेळ किती मागे आहे ते जेटीच्या खांबावर खुणा करून चार दिवसांत कळतं.

यात एक गंमत दडलेली आहे. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन सर्वात कमी असतो तो सूर्य उगवायच्या आधी, कारण दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडणारं शेवाळ रात्रभर तोच ओढत असतं. म्हणजे पहाट आणि ओहोटी एकत्र हवी, आणि आपल्या किनाऱ्यावर ती गाठ उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीच्या, दिवसांतच पडते. भांगाला, म्हणजे अष्टमी-नवमीच्या लहान भरती-ओहोटीला, ओहोटी भर दुपारी येते. पण भांगाचं पाणी कमी खेळतं, आतली घाण बाहेर जात नाही, दिवसेंदिवस तिथेच मागेपुढे होत राहते. त्यामुळे महिन्यातून दोनदा जावं लागतं: एकदा अमावास्येनंतर पहाटे, एकदा भांगाला दुपारी. एकच फेरी परवडत असेल तर पहाटेची धरा. दुपारी बारा वाजता हिरवट पाण्यात ऑक्सिजन लिटरला आठ-नऊ मिलिग्रॅम आला तर खूश होऊ नका, ते शेवाळ माजल्याचं लक्षण आहे.

वाशिष्ठी, कुंडलिका आणि पाताळगंगा या तीन नद्यांच्या काठच्यांनी आणखी एक नोंद ठेवायला हवी. कोयनेच्या वीजगृहांतून बाहेर पडलेलं पाणी वाशिष्ठीत येतं, भिऱ्याचं कुंडलिकेत, खोपोलीचं पाताळगंगेत. म्हणजे या खाड्यांत मे महिन्यातही गोडं पाणी किती येईल, हे वीजनिर्मिती किती तास चालली यावर ठरतं. एका आठवड्यात क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) निम्मी झाली तर लगेच मीटरला दोष देऊ नका, आधी वर पाणी सोडलं होतं का ते विचारा.

आता साहित्य. सगळ्यात आधी टीडीएसचा (विरघळलेले क्षार मोजणारा) पेन बाजूला ठेवा. तो फक्त मीठ मोजतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि बाजारातले बरेचसे पेन दहा ग्रॅमच्या आतच संपतात. त्याचा लाल आकडा व्हॉट्सॲपवर फिरवून प्रदूषण सिद्ध होत नाही. पिण्याच्या पाण्यातले जिवाणू तपासायची, काळी पडणारी एचटूएसची बाटलीही इथे कामाची नाही. ती हायड्रोजन सल्फाइडने काळी पडते, आणि खाडीच्या चिखलात तो वायू तयार करणारे जिवाणू मुळातच असतात. सांडपाण्याचे जिवाणू बघायचे तर निर्जंतुक बाटली, बर्फाचा डबा आणि सहा तासांच्या आत लॅब, दुसरा मार्ग नाही.

हवं ते एवढंच: क्षारता मोजायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर (दर वेळी आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्य लावायचा), एक थर्मामीटर, ऑक्सिजनच्या ३०० मिलीच्या काचेच्या बुचाच्या बाटल्या, आणि गढूळपणा मोजायला २० सेंटिमीटर व्यासाची थाळी. थाळीचे चार भाग करून आळीपाळीने काळे-पांढरे रंगवा, मधोमध भोक पाडून खाली वजन आणि वर खुणा केलेली दोरी लावा. होडीच्या सावलीच्या बाजूने सोडायची, दिसेनाशी झाली की खोली बघायची, वर ओढताना पुन्हा दिसली की बघायची, दोन्हीची सरासरी लिहायची. हे काम मात्र दहा ते दोनच्या उन्हातच करावं.

तळाचं पाणी काढणं ही खरी कसरत. पावसाळ्यात गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं खाली राहतं. वरचं पाणी ठणठणीत आणि तळाला ऑक्सिजन संपलेला, असं तेव्हा घडू शकतं. साधी बाटली दोरीने सोडली तर ती गुडगुडत भरते आणि त्या गुडगुडण्यानेच पाण्यात हवा मिसळते. त्यावर घरगुती तोड अशी: दोन लिटरचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, त्यात ३०० मिलीची उघडी बाटली बसवा. झाकणातून एक नळी थेट त्या बाटलीच्या बुडापर्यंत आणि दुसरी आखूड नळी हवा बाहेर जायला. डब्याला तीन किलो शिसं बांधा, नाहीतर तो तरंगेल. खाली गेल्यावर पाणी आधी बाटलीत शिरतं, ती भरून डब्यात सांडतं, आणि डबा भरेपर्यंत बाटलीतलं पाणी चार-पाच वेळा बदललेलं असतं. वर येणारे बुडबुडे थांबले की ओढून घ्या.

ऑक्सिजनचं मीटर असेल तर त्यात क्षारता भरायला विसरू नका. ३० क्षारतेच्या (लिटरला साधारण ३० ग्रॅम मीठ) पाण्यात ती शून्यावर राहिली तर खरा आकडा सहा असताना मीटर सात दाखवतं. मीटर नसेल तर विंकलरची जुनी पद्धत आजही भरवशाची आहे आणि जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात तिचं सगळं सामान असतं. काठोकाठ भरलेल्या बाटलीत पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून १ मिली मँगनस सल्फेट, मग १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावताना आत एकही बुडबुडा नको. पंधरा वेळा उलटसुलट करा. तपकिरी साका (तळाशी बसणारा गाळ) धरला तर ऑक्सिजन आहे, आणि साका पांढराच राहिला तर ऑक्सिजन जवळजवळ नाही. आकडा यायच्या आधीच होडीत बसलेल्या सगळ्यांना हे डोळ्यांनी दिसतं, म्हणून ही पद्धत गावात दाखवायला फार चांगली. खाऱ्या पाण्यात साका सावकाश बसतो, घाई करू नका. मग १ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून पुन्हा हलवा, पाणी पिवळंधमक होतं. त्यातलं २०१ मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा, म्हणजे ते थोडं थोडं सोडत किती लागतं ते मोजा. रंग वाळक्या गवतासारखा फिका पिवळा झाला की स्टार्च टाका, निळा रंग जाईपर्यंत थेंब थेंब सोडा. जितके मिली लागले तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन दर लिटरला. थायोसल्फेट ठेवून ठेवून कमजोर होतं आणि मग आकडे फुगतात, तेव्हा दर वेळी तपासून घ्या. अझाइड विषारी आहे, हातमोजे घाला, आणि उरलेलं खाडीत ओतायचं नाही, हे सांगायला नको.

आलेला आकडा कशाशी ताडायचा? अंघोळ आणि व्यावसायिक मासेमारीच्या किनारी पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष ऑक्सिजनला किमान ४ मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या (त्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त मावेल तेवढ्याच्या) ५० टक्के, यातलं जे जास्त असेल ते. बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) ३ मिलिग्रॅमच्या आत, तीही २७ अंशांवर ३ दिवसांची. २८ अंशांना गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त ७.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.४. सीओडीचा (घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचा) आकडा मात्र जपून वापरा. त्या चाचणीत क्लोराइड अडथळा आणतं, आणि समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे १९ ग्रॅम असतं. नेहमीच्या पद्धतीत घालतात तो मर्क्युरिक सल्फेट एवढ्या मिठाला पुरत नाही. खाडीच्या पाण्याची सीओडी शेकड्यांत आली तर त्यात घाण किती आणि मीठ किती ते आधी लॅबला विचारा. नाहीतर सुनावणीत समोरचा वकील ते विचारेल.

घाण कुठून येते हे शोधायची युक्ती क्षारतेतच आहे. ओहोटीबरोबर होडीने खाली येत पाच-सहा ठिकाणी, प्रत्येक वहाळाच्या तोंडाच्या वर आणि खाली, क्षारता आणि सांडपाण्याची खूण म्हणून अमोनिया मोजा (अमोनियाचा किट खाऱ्या पाण्याला चालतो असं लिहिलेलाच घ्या). आलेख कागदावर आडवी क्षारता, उभा अमोनिया. वरची नदी आणि समुद्र ही दोन टोकं सरळ रेषेने जोडा. नुसतं मिसळणं चाललं असेल तर मधले ठिपके त्या रेषेवर पडतात. नदीत अमोनिया १, समुद्रात जवळपास शून्य, तर निम्म्या क्षारतेला तो अर्धा यायला हवा. तिथे ०.९ आला तर मधे कुणीतरी भर घालतंय. मग त्या टप्प्यात वहाळ वहाळ चालत जायचं.

मासे तरंगले की पहिला तास महत्त्वाचा, आणि तोच फोटो काढण्यात जातो. आधी ऑक्सिजनची बाटली भरून साका धरा, तशी ती अंधारात काही तास टिकते. मग मासे नीट बघा. तोंड वासलेलं, कल्ले फाकलेले, बोय आणि पालू पाण्यावर येऊन हवा गिळतायत, चिंबोऱ्या काठावर चढल्यात, मोठे मासे आधी मेलेत आणि घटना पहाटेची आहे, तर ऑक्सिजन संपला असण्याचा संशय घ्या. लहान मासळी आधी गेली, मासे गिरक्या घेतायत, वेळ दुपारची, तर विषाकडे बोट जातं. निवटी हा चिखलावर उड्या मारणारा छोटा मासा सगळ्यात चांगला साक्षीदार. तो चिखलावर हवेत श्वास घेतो, पाण्यातला ऑक्सिजन संपला म्हणून मरत नाही. निवट्या मेल्या असतील तर तसं ठळक लिहून ठेवा. नमुन्याला कुजलेले नाही, तडफडणारे मासे घ्या, फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात ठेवा. फॉर्मेलिनमध्ये घातलात तर रसायनाची तपासणी तिथेच संपली. तवंग असेल तर तो काचेच्या बाटलीत घ्या आणि ती बाटली आधी त्याच पाण्याने विसळू नका, तेल काचेला चिकटतं.

आपला नमुना कोर्टात पुरावा होत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, नोटीस देऊन आणि सीलबंद करून घ्यावा लागतो. आपल्या वहीचा उपयोग त्या अधिकाऱ्याला योग्य तिथीला, योग्य वहाळाच्या तोंडाशी बोलावण्यासाठी. तोही काही थोडा नाही.

वहीत बोट कारखान्याकडेच जाईल असं मात्र नाही. पुष्कळदा ते आपल्याच वाडीच्या गटाराकडे वळतं. खाडीकाठी शोषखड्डा खणला तर उधाणाला त्यात खालूनच पाणी चढतं आणि मैला वर येतो. अशा ठिकाणी खडीचा वाफा बरा: तळाला जाड प्लास्टिक, ६० सेंटिमीटर खडी, वर कर्दळ, पाण्याची पातळी खडीच्या दहा सेंटिमीटर खाली. माणशी एक चौरस मीटर धरा. पाच माणसांचं दिवसाचं ४०० लिटर सांडपाणी आलं तर ५ चौरस मीटरच्या वाफ्यात, खडीतली पोकळी ४० टक्के धरून, एक हजार लिटर मावतं, म्हणजे पाणी अडीच दिवस आत राहतं. वाफ्याच्या आधी तेलकट गाळ अडवायला छोटी टाकी हवीच, ती टाळली की वाफा तुंबतो.

आणि कांदळवन. पाटी लावून हजार रोपं लावण्याचा कार्यक्रम शक्यतो करू नका. रोपं बहुतेक वेळा रिकाम्या दिसणाऱ्या खालच्या चिखलावर लावली जातात. तो चिखल रिकामा असतो कारण तिथे पाणी फार वेळ उभं राहतं. रोपांवर शिंपल्यांचे थर चढतात आणि ती मोडतात, शिवाय तिसऱ्यांची (खाण्याच्या शिंपल्यांची) जागा जाते. जिथे कांदळवन वाळलंय तिथे बहुधा रस्त्याखालची मोरी बुजलेली किंवा मूळचीच लहान असते, किंवा खारबंदिस्तीची (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाची) उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, नादुरुस्त असते. तिथे भरतीचं पाणी पुन्हा खेळवणं हेच काम. त्याला वनविभागाच्या कांदळवन कक्षाला विचारल्याशिवाय फावडं लावू नका, कांदळवन आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने संरक्षित आहे. पाणी खेळायला लागलं आणि जवळपास जुनी झाडं असली, तर तिवराचं (कांदळवनातल्या एका झाडाचं) बी पावसाळ्यात आपणहून वाहत येतं आणि रुजतं. जुनं झाडच उरलं नसेल तरच लावा: पावसाळ्यात पिकून गळलेल्या कांदळाच्या (कांदळवनातल्याच दुसऱ्या झाडाच्या) शेंगा, टोकाकडचा एक तृतीयांश भाग चिखलात, दीड-दीड मीटरवर. शेंग उलटी खोचली जाते, हे तर दर वर्षी कुठे ना कुठे होतंच. कळीसारखा भाग वर, निमुळतं लांब टोक खाली.